झाकली जीप सव्वा लाखाची

देवळीहून कुठल्याही दिशेला निघा, पाचशे किलोमीटरच्या आत समुद्र लागत नाही. त्यामुळे गंज हा कोकणातल्या लोकांचा प्रश्न आहे, अशी आमच्या गावची पक्की समजूत. रत्नागिरीकडे नोकरीला गेलेला एखादा मास्तर चार-पाच वर्षांनी बदली घेऊन परत येतो, तेव्हा त्याच्या मोटरसायकलचं सायलेन्सर पाहायला चौकात माणसं जमतात. "खारी हवा जी, काय करता!" म्हणून हळहळतात. हळहळणारे ज्या जिपांना, ट्रॉल्यांना आणि स्कूटरींना टेकून उभे असतात, त्यांचा बुडाचा पत्रा बोटाने मोडतो, पण तिकडे कोणी पाहत नाही. मास्तरच्या गाडीला असतो तो गंज. आपल्या गाडीचा फक्त थोडासा रंग गेलेला असतो.

खरं तर देवळीला लोखंडाचं अज्ञान शोभत नाही. गावच्या एमआयडीसीत पोलादाचं काम चालतं. खाणीतून येणारं खनिज म्हणजे मुळात लोखंडाचा ऑक्साइड. भट्टी पेटवून, कोळसा जाळून, विजेचं मोठं बिल भरून आपण त्यातला ऑक्सिजन हाकलून देतो आणि मग त्याला लोखंड म्हणतो. ते लोखंड बाहेर पडल्या दिवसापासून तो ऑक्सिजन परत मिळवायच्या खटपटीला लागतं. एमआयडीसीत लोखंड तयार होतं आणि तिथून हाकेच्या अंतरावर, आमच्या अंगणात, ते पुन्हा माती होतं. मधल्या काळात माणसं त्याच्यावर कर भरतात.

आमच्याकडचा गंज बारमाही नाही. तो खरिपाचं पीक आहे. हवेतला ओलावा साठ टक्क्यांच्या आसपास पोचला की लोखंडाला गंजायला बरं पडतं, आणि आमच्या मे महिन्यात 45-46 अंशांच्या दुपारी हवेत तेवढं पाणी शोधून सापडत नाही. त्या दिवसांत गंजही लिंबाखाली खाट टाकून पडलेला असतो. मृगाचा पहिला सडाका आला की उठतो आणि कामाला लागतो. श्रावण-भादव्यात त्याला मान वर करायला फुरसत नसते. दिवाळीच्या सुमारास रंगावर फोड दिसू लागले की समजावं, पीक हाती आलं. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा घेतो, म्हणून तो रंगाला आतून उचलतो. गाडीचा मालक तो फोड नखाने फोडून पाहतो, आत तांबडी भुकटी दिसते, आणि तो इकडेतिकडे पाहून फोड हळूच परत दाबून बसवतो.

या हंगामाला एकच अपवाद आहे, तो म्हणजे कूलर. सगळ्या जिल्ह्यातला गंज झोपलेला असतो तेव्हा विदर्भातल्या प्रत्येक खिडकीत हा एक पत्र्याचा डबा बोअरचं खारट पाणी पोटात घेऊन रात्रंदिवस गंजत असतो. होळी झाली की तो खाली काढायचा, खरडायचा, भोकांना एम-सील लावायचं आणि टाकीला आतून डांबर फासायचं. देवळीतल्या पुरुषाचं गंजाविषयीचं सगळं शिक्षण या टाकीत झालेलं असतं. त्यामुळे पुढे जीप असो, ट्रॅक्टर असो, नाहीतर गच्चीवरचा लोखंडी जिना असो, त्याच्या डोक्यात पहिला आणि शेवटचा विचार येतो तो डांबराचा. डांबर वाईट नाही. पण ओल्या, पापुद्रे धरलेल्या गंजावर डांबर मारलं की गंजाला छप्पर मिळतं. कूलरचं तसंही एका उन्हाळ्यापुरतंच मागणं असतं. जिपेला पुढच्या वर्षीही रस्त्यावर जायचं असतं.

राहिला समुद्राचा प्रश्न. समुद्र आमच्याकडे पन्नास किलोच्या पोत्यातून येतो. पोटॅश म्हणून जे खत आपण आणतो ते बहुतेक वेळा पोटॅशियम क्लोराइड असतं, म्हणजे मिठाचंच चुलतभावंड. वर्ध्याहून चार पोती जिपेत टाकून आणायची, त्यातलं एक फाटकं निघायचं, आणि त्यातले खडे फ्लोअरच्या खाचांत जाऊन बसायचे. झाडून काढले तरी दहा-वीस राहतातच. पहिल्या पावसाची ओल लागली की त्या खाचेत रत्नागिरी तयार होते. शिवाय आमची काळी माती. मडगार्डच्या आत आणि चेसिसच्या खोबणीत ती एकदा चिकटली की शेताला वाफसा येतो, पण चेसिसला येत नाही. वरून गाडी धुऊन, पुसून, चकचकीत झालेली असते आणि खाली किलो-दोन किलो ओलं वावर तसंच लटकत असतं. सर्व्हिसिंगवाला पाण्याचा पाइप घेऊन खाली वाकला तर त्याला सांगायचं, "खालचं राहू दे, तिथं कोण पाह्यते?" हे वाक्य आमच्या भागातल्या निम्म्या जिपांचं मृत्युपत्र आहे.

दसऱ्याच्या दिवशी गाडीचे लाड होतात. पूजा मनापासून होते, त्यात शंका नाही. बोनेटवर हळद-कुंकवाची बोटं, चाकापाशी फोडलेला नारळ, त्याचं पाणी रिमवरून ओघळत टायरच्या फटीत. झेंडूचा हार बंपरला, तो कोजागिरीपर्यंत तिथेच भिजत-सुकत कुजतो आणि मग पत्र्याच्या सांध्यात त्याचा चोथा राहतो. लिंबू-मिरची मात्र वेगळी. लिंबातलं आम्ल गंज खरोखर विरघळवतं, जुन्या बायका लोखंडी डाग लिंबानेच काढत. पण आपण ते लिंबू गाडीला घासत नाही, तारेत ओवून गाडीपासून चार बोटं दूर लटकवतो. तारेचा गंज जातो, गाडीचा राहतो.

हे सगळं मी आमच्या मोठेबाबांच्या जिपेवरून सांगतो आहे. जीप 1994 सालची. कापूस एकाधिकार योजनेचा चुकारा त्या वर्षी वेळेवर हातात पडला आणि तो दुसऱ्या कशात खर्च व्हायच्या आत मोठेबाबांनी ती आणली. आणल्या दिवसापासून तिला जपलं. सीटवरचं कंपनीचं प्लास्टिक मोठी आई दर सणाला फडक्याने पुसायची. त्या प्लास्टिकवर बसलं की उन्हाळ्यात माणूस सीटला चिकटे आणि पावसाळ्यात घसरून ड्रायव्हरच्या मांडीवर जाई. फ्लोअरवर जाड रबरी मॅट. मॅट खराब होऊ नये म्हणून तिच्यावर जुना गालिचा. गालिचा मळू नये म्हणून त्याच्यावर बारदाना. आणि या सगळ्यावर बाहेरून, मागेपुढे गाठी मारून, ताडपत्री. जीप बाहेर निघायची ती लग्नाला, केळझरच्या गणपतीला आणि कोणी फारच आजारी पडलं तर सेवाग्रामच्या दवाखान्यात. बाकी वर्षभर ती अंगणात ताडपत्रीखाली असायची आणि मोठी आई रोज सकाळी तिच्या चारी बाजूंनी शेणाचा सडा टाकायची.

त्याच वर्षांत वर्धा-देवळी रस्त्यावर काळी-पिवळी धावायची. तशीच जीप, तशाच दिवसांतली. दरवाजे काढून टाकलेले, सीटचा फोम उंदरांनी नेलेला, मॅट नावाला नाही. नऊ जणांच्या जागेत माणसं किती बसायची ते सांगत नाही, कारण पोलीसही मोजायचे नाहीत. फ्लोअर पायांनी घासून घासून आरशासारखं झालेलं. तिच्यात गंजाला बसायला जागाच नव्हती. तो आला असता तर त्यालाही मागच्या फळीवर एका पायाने लटकावं लागलं असतं. ती काळी-पिवळी शेवटी इंजिन बसलं म्हणून गेली, पण चेसिस गेली तेव्हाही टणक होती.

मोठेबाबांच्या जिपेचं बरोबर उलट झालं. इंजिन आजही अर्ध्या सेल्फला चालू होतं. इंजिनाभोवती जीप राहिली आहे की नाही, एवढाच प्रश्न होता.

याच बाबतीत वर्ध्याची एक जुनी गंमत आहे. जमनालाल बजाजांकडे फोर्ड मोटर होती, तिला पुढे बैल जुंपून वर्धा-सेवाग्रामच्या रस्त्यावर पाहुण्यांची ने-आण होत असे, आणि तिला 'ऑक्स-फोर्ड' म्हणत. म्हणजे त्या गाडीचं इंजिन निकामी आणि सांगाडा कामाचा. विद्वान पाहुणे त्यातून सेवाग्रामला जात आणि आपण ऑक्सफर्डमधून आल्याचं सांगत असतील तर ते खोटं नव्हतं. आमच्याकडे इंजिन राहिलं आणि सांगाडा गेला. बैल कशाला जुंपायचे, हाच पेच.

पेच उघडकीला आला तो मोठी आईमुळे. लग्नाला जाताना तिने पाय जरा जोराने टेकवला आणि पाय खाली गेला. बारदाना, गालिचा आणि मॅट यांच्यासकट गेला. तिन्ही थर शाबूत होते. फक्त त्यांच्याखालचा पत्रा हजर नव्हता. मॅटने तो सगळ्या जगापासून वाचवला होता, हवेपासूनसुद्धा.

हे हवेचं प्रकरण जरा समजून घेण्यासारखं आहे. गंज चढायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात हे आपण आठवीत शिकलो. त्यावरून कोणालाही वाटेल की झाकलेल्या जागेत ऑक्सिजन कमी, तिथे गंज कमी. केंब्रिजच्या यू. आर. इव्हान्स यांनी 1920च्या दशकात लोखंडी पत्र्यावर खाऱ्या पाण्याचा एक थेंब ठेवून दाखवलं की प्रकार उलटा आहे. थेंबाच्या कडेला हवा भरपूर, मधोमध कमी. आणि लोखंड झिजतं ते मधोमध, जिथे हवा पोचत नाही तिथे. हवा मिळणारा भाग आपली गरज हवा न मिळणाऱ्या भागाच्या अंगावर भागवतो. मॅटखाली, ताडपत्रीखाली, लांबीखाली, दरवाज्याच्या दुमडीत नेमकं हेच चालतं. उघड्या पत्र्यावरचा गंज तोंडावर शिव्या देणारा असतो. झाकलेला गंज बँकेत सह्या करून मोकळा होतो.

पत्र्याच्या स्कूटरींची कथाही हीच होती. बजाज चेतक 1972 साली आली. तिला वेगळी फ्रेम नव्हती, वाकवलेला पोलादी पत्रा हाच तिचा कणा. मोटरसायकलचा मडगार्ड कुजला तर मडगार्ड बदलता येतो. इथे पाय ठेवायची जागा कुजली की स्कूटरीचा मणकाच गेला. आणि त्या जागेवर लोक काय घालायचे? रबरी मॅट. बुकिंग करून वर्षानुवर्षं वाट पाहून मिळालेली वस्तू, तिला ओरखडा कसा पडू द्यायचा!

डेंटर आला. आमच्याकडे या माणसाला नुसतं मिस्त्री म्हणतात आणि गवंड्यालाही मिस्त्रीच म्हणतात, पण कोणाला बोलावलं आहे हे संदर्भावरून कळतं, बिलावरून कळत नाही. त्याने ताडपत्री काढली, आतल्या कोंडलेल्या हवेचा वास घेतला आणि काही न बोलता एक पोतं अंथरून जिपेखाली शिरला. हातात छोटी हातोडी. जिपेचा सांगाडा म्हणजे दोन लांब पोलादी पन्हाळी आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, शिडीसारख्या. मिस्त्री पुढच्या टोकापासून वाजवत निघाला. टण. टण. टण. टण. मोठेबाबा वर उभे राहून प्रत्येक टणला मान हलवत होते. मागच्या पाट्यांच्या हॅंगरपाशी आवाज आला भद्द. मिस्त्री थांबला. पुन्हा वाजवलं. भद्द. मग त्याने खिशातून पेचकस काढला आणि दाबला. पेचकस मुठीपर्यंत आत गेला. वर मोठेबाबांनी डोळे मिटले. पेचकस बाहेर निघाला तेव्हा त्या भोकातून तांबड्या भुकटीची धार मिस्त्रीच्या कपाळावर पडली आणि थोडा वेळ पडतच राहिली.

"तीस वर्सं झाली, पावसाचा एक थेंब पडू देला नाही मी तिच्यावर," मोठेबाबा म्हणाले.

"वरून नाही पडला जी काकाजी. खालून चढला," जिपेखालून आवाज आला. "जमिनीची वाफ वर येते, ताडपत्रीत कोंडते, जायले जागा नाही. मंग थे पत्र्यावरच बसते. रोजचा सडा त्याहून येगळा."

मोठी आई सड्याची बादली घेऊन आत निघून गेली.

दुसरा शोध डाव्या दरवाज्यात लागला. दरवाज्याच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला भोकं ठेवलेली असतात. मोठेबाबांनी ती "धूळ येते" म्हणून कधीतरी एम-सीलने बुजवली होती. त्यामुळे काचेच्या रबरातून आत जाणारं पाणी दरवाज्यातच मुक्कामाला राहत होतं. पुढे पत्र्याला भोक पडलं, तेव्हा एका जुन्या पेंटरने त्यावर लांबी भरून झकास रंग मारून दिला. मिस्त्रीने आता त्या लांबीवर हातोडी मारली तर तळहाताएवढा पोपडा निघाला आणि त्याच्यामागे घडी करून कोंबलेला पेपर. भोकात लांबी आत पडू नये म्हणून कागदाची भर घालायची आणि वरून लांबी ओढायची, ही जुनी हातचलाखी. मिस्त्रीने चिमट्याने ओला गोळा उलगडला. 1996 सालचा मार्च महिना. ईडन गार्डनवर भारत विश्वचषकाची उपांत्य फेरी हरल्याची बातमी, निम्मी वाचता येत होती. कागदाने पाणी इतकी वर्षं सांभाळून ठेवलं होतं. मोठेबाबांनी कुजका दरवाजा विसरून तो तुकडा उन्हात वाळत घातला आणि पेंटरपेक्षा त्या दिवशी टॉस जिंकून आधी बॉलिंग घेणाऱ्यावर जास्त संतापले.

मग गाव सल्ले घेऊन आलं. पहिला सल्ला जळक्या ऑइलचा. ट्रॅक्टरमधून काढलेलं काळं ऑइल चेसिसला चोपडा, शंभर वर्षं काही होत नाही. यात तथ्य आहे, तेलाच्या थरातून पाणी लोखंडापर्यंत पोचत नाही. पण ते तेल रबराचे बुश फुगवतं, धूळ ओढून घेतं, आणि आठ दिवस अंगणात टपकत राहतं. दुसरा सल्ला डिझेलच्या फवाऱ्याचा, तोही त्याच जातीचा, फक्त महाग. तिसऱ्याने सांगितलं, "रेडॉक्साइड मारून टाका ना बा." रेड ऑक्साइड हा प्रायमर चांगला. पण त्याचा रंग गंजासारखाच तांबडा असल्यामुळे तो गंजावर मारला तरी कोणाला पत्ता लागत नाही, आणि बहुतेक वेळा तिथेच मारला जातो. चौथे एक निवृत्त गुरुजी होते. ते दिल्लीच्या लोहस्तंभावर आले. गंजाची चर्चा पाच मिनिटं चालली की महाराष्ट्रात कोणीतरी लोहस्तंभावर येतोच. सोळाशे वर्षं उभा, आपल्या पूर्वजांचं ज्ञान वगैरे. स्तंभ खराच अजब आहे. त्याच्या लोखंडात फॉस्फरसचं प्रमाण जास्त, त्यामुळे पृष्ठभागावर एक घट्ट थर धरतो, असं आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमण्यम यांनी अभ्यास करून मांडलं. गुरुजींचं संपेपर्यंत मिस्त्रीने ऐकून घेतलं आणि विचारलं, "थ्या खांबावर ताडपत्री आहे का जी?"

गुरुजी घरी गेले.

उपचाराला आठवडाभर लागला. त्यातला बहुतेक वेळ खरडण्यात गेला आणि तेच मुख्य काम. तारेचा ब्रश, ग्राइंडर, पॉलिश पेपर, आणि कोपऱ्यात बोटाने. पापुद्रा धरलेला गंज निघालाच पाहिजे, त्याच्यावर काहीही मारा, टिकत नाही. जिथे पत्रा खाऊन गेला होता तिथे चांगला पत्रा लागेपर्यंत कापला आणि नवा तुकडा वेल्ड केला. नेहमीची चलाखी म्हणजे जुन्या भोकावर मोठी पट्टी ठेवून चारी कडा शिवून टाकणं. तसं केलं की दोन पत्र्यांच्या मध्ये पुन्हा एक अंधारी खोली तयार होते, भाडेकरू ठरलेला. चेसिसचं काम मिस्त्रीने स्वतः केलं नाही. पाट्यांच्या हॅंगरपाशी सगळ्या गाडीचं ओझं येतं, तिथे तेवढ्याच जाडीची पट्टी आतून आधार देऊन बसवावी लागते. त्यासाठी त्याने वर्ध्याचा एक ट्रकचा वेल्डर आणला. बॅटरीच्या वायरी सोडल्या, मगच होल्डर हातात घेतला.

जिथे गंज पातळ होता आणि लोखंड टणक, तिथे एका बाटलीतलं पांढरं दूध ब्रशने लावलं. अर्ध्या तासात तांबडं काळं झालं. मोठी आई दारातून पाहत होती. "हे त आपल्या आवळ्यावाणी झालं," ती म्हणाली. तिला रसायनशास्त्र कोणी शिकवलं नव्हतं, पण तिचं अगदी बरोबर होतं. लोखंडी कढईत आवळा शिजवला की काळा पडतो, कारण आवळ्यातली तुरट द्रव्यं लोखंडाला धरून काळं संयुग तयार करतात. गंज बदलणाऱ्या बाटलीत बरेचदा तसंच टॅनिक आम्ल असतं, सोबत फॉस्फरिक. तुरट झाडसाल किंवा हिरडा आणि लोखंड यांच्यापासून जुन्या काळी शाई होत असे, ती याच नात्याने. थोडक्यात, मोठेबाबांच्या जिपेला मोरावळा लावला.

त्यावर लगेच प्रायमर. घासून उघडं केलेलं लोखंड रात्रभर तसंच ठेवलं तर आमच्या पावसाळ्यात सकाळी पुन्हा पिवळं होतं. मग सांध्यांना सीलर, मग रंग, आणि चाकांच्या आतल्या बाजूला, चेसिसला, सगळ्यात शेवटी, डांबराचं अंडरकोटिंग. म्हणजे कूलरवाल्यांचं औषध बरोबरच होतं, त्यांचा क्रम चुकतो. ते पहिलं करतात आणि तेवढंच करतात. दरवाज्यांची भोकं मिस्त्रीने खिळ्याने मोकळी केली आणि मोठेबाबांसमोर त्यातून तांब्याभर पाणी काढून दाखवलं.

आता आरटीओ. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते, मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण आणि पर्यावरण कर. एप्रिल 2022मध्ये मोटारींच्या नूतनीकरणाची फी 600 रुपयांवरून 5000 झाली, म्हणजे गंजापेक्षा जोरात वाढली. पण खरी मौज चेसिस नंबरची. तो सांगाड्यावर ठोकलेला असतो आणि त्याचा ठसा घ्यायचा असतो. कागद ठेवायचा, वर पेन्सिल आडवी घासायची, अंक उमटतात. आमचा नंबर घासला तर शेवटून तिसरा आकडा 3 की 8 ते उमटेना. आरसी बुकात 8. चेसिसवर डावीकडचा अर्धा 8 गंजाने जमा करून घेतलेला. मोठेबाबांनी कानस मागवली. मिस्त्रीने कानस धरलेला हात वरच्या वर पकडला. "काकाजी, इथं कानस लावाल त सायब म्हणते, गाडी चोरीची हाय!" आणि ते खरं आहे. सगळ्या जिपेत गंज घासून काढणं हे पुण्यकर्म, आणि या चार इंच जागेत तोच गुन्ह्याचा पुरावा. नंबर खोडलेली गाडी म्हटली की पहिला संशय चोरीचा येतो. तीस वर्षं ज्या गाडीने अंगण सोडलं नाही, तिच्यावर चोरीचा आळ यायची वेळ आली. शेवटी त्याच बाटलीतलं औषध कापसाच्या बोळ्याने लावून, मऊ फडक्याने पुसून, पुन्हा लावून, दोन दिवसांनी 8ची डावी बाजू अंधुक उगवली. ठसा घेतला आणि त्या जागेवर मोठेबाबांनी बोटभर ग्रीस थापलं. हे मात्र सगळ्यांनी करण्यासारखं आहे. फुकट आहे.

नवी नंबर प्लेटही आली. 1 एप्रिल 2019च्या आधीच्या गाड्यांना ती बसवणं बंधनकारक. प्लेट ॲल्युमिनियमची आहे, तिला तांबडा गंज धरत नाही, आणि ती काढता येत नाही अशा खिट्टीने बसते. जिपेतला हा एकच भाग आता निर्धास्त आहे. उद्या सगळी जीप मातीला मिळाली तरी एमएच-32 अंगणात शाबूत सापडेल.

भंगारवाल्याचं गिऱ्हाईकही मध्यंतरी येऊन गेलं. स्क्रॅपेज धोरण 2021 साली आल्यापासून त्यांना जुन्या गाडीचा वास लांबून येतो. मोठेबाबांनी हिशेब मांडला होता. गंज चढताना लोखंड हवेतला ऑक्सिजन आणि पाणी ओढून घेतं, त्यामुळे एक किलो लोखंडाचा पुरता गंज झाला तर तो दीड किलोच्या वर भरतो. म्हणजे जीप वर्षागणिक वजनाने वाढलीच असणार. भंगारवाल्याने सगळं शांतपणे ऐकलं आणि वजनकाट्यावर ठेवायच्या आधी दरवाजा दोनदा जमिनीवर आपटून घेतला. व्याज खाली सांडलं. सौदा मोडला.

तालुक्यातल्याच पुलगावहून आर्वीला 1917 साली छोटी गाडी सुरू झाली होती. ती धावत होती तोवर रुळांचा माथा लखलखायचा. गाडी थांबली आणि रूळ तांबडे झाले. मिस्त्री शिकलेला नाही, पण जाताना तो मोठेबाबांना हेच सांगून गेला: आठवड्यातून दोनदा भिडीपर्यंत फिरवून आणा, पावसात भिजली तर भिजू द्या, उन्हात वाळू द्या, मॅट दर महिन्याला उचला, खाली पाणी मारा, आणि ताडपत्री घालू नका.

मोठेबाबांनी सगळं मान्य केलं. जीप आता ताडपत्रीखाली नाही, उघड्या उन्हात उभी असते. पण ताडपत्रीचं काय करायचं? चांगली जाड, दोन वर्षांपूर्वीच घेतलेली, टाकून कशी देणार? मोठी आईने घडी उघडली, झटकली, कूलर व्हरांड्यात आणून ठेवला होता त्याच्यावर घातली आणि चारी बाजूंनी पक्क्या गाठी मारल्या. टाकीत तळाला थोडं पाणी होतं, पण आता ते कोणाला दिसत नव्हतं.

मिस्त्री राहिलेले पैसे न्यायला आला तेव्हा त्याने ते गाठोडं पाहिलं, पैसे मोजून खिशात टाकले आणि म्हणाला, "काकाजी, होळी झाली का फोन करजा."